बाहेरून पाठिंबा देणाऱ्यांनी सभागृहात उभे राहावे : लोकसभेतील सर्व गटनेत्यांना खुले पत्र

प्रति,
लोकसभेतील सर्व राजकीय पक्षांचे गटनेते,
संसद भवन, नवी दिल्ली.

विषय : पंतप्रधानांच्या राजीनाम्यानंतर बनणाऱ्या आघाडी सरकारांना मिळणारा 'बाहेरून पाठिंबा' सभागृहाच्या नियमांच्या कक्षेत आणण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणत्याही एका पक्षाच्या विरोधात नाही आणि सध्याचे सरकार पडावे किंवा टिकावे या इच्छेनेही लिहिलेले नाही. २०२४ च्या निवडणुकीत सर्वांत मोठ्या पक्षाला २४० जागा मिळाल्या. एका पक्षाला स्वतःच्या बळावर २७२ चा आकडा ओलांडता न येण्याची स्थिती दहा वर्षांनी परत आली आणि ती पुढेही येत राहील, हे आपण सारे जाणता. सरकार अडचणीत नसते, कुणी कुणाच्या दारात पाठिंब्यासाठी उभे नसते, अशा शांत काळातच अशा गोष्टींचे नियम करता येतात. ऐन संकटात केलेला नियम त्या दिवशीच्या सोयीचा असतो. म्हणून आज लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. भारतात पंतप्रधानांनी राजीनामा दिल्यावर त्याच लोकसभेतून दुसरे सरकार उभे राहिले, तेव्हा ते बहुतेक वेळा सरकारात सामील न झालेल्या एखाद्या पक्षाच्या भरवशावर उभे राहिले. त्या पक्षाने राष्ट्रपतींना पत्र दिले, सरकारचा शपथविधी झाला, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच पक्षाने दुसरे पत्र देऊन सरकार पाडले. पहिल्या पत्राची किंमत त्याला सभागृहात मोजावी लागली नाही आणि दुसऱ्या पत्राची जबाबदारीही घ्यावी लागली नाही. हे थांबवणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही.

या प्रथेचे मूळ १९७९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आहे. त्या सहा आठवड्यांचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असला, तरी तो येथे थोडा सविस्तर मांडण्याची परवानगी मागतो, कारण आज ज्या उणिवा आपण नशिबाची गोष्ट म्हणून सोडून देतो त्या सगळ्या तेव्हा पहिल्यांदा एकत्र दिसल्या होत्या. शिवाय त्या प्रकरणात महाराष्ट्राचा, आणि त्यातही आमच्या सातारा मतदारसंघाचा, थेट संबंध होता.

मार्च १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारात दोन वर्षांतच उभी फूट पडत गेली. गृहमंत्रिपदावरून दूर झालेले चौधरी चरणसिंग जानेवारी १९७९ मध्ये उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री म्हणून परतले. जगजीवन राम हेही उपपंतप्रधान होते. म्हणजे पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या दोन्ही बाजूंना पंतप्रधानपदाचे दोन इच्छुक बसलेले होते. जनसंघातून आलेल्या सदस्यांचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले नाते, म्हणजेच दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न, मधू लिमये यांनी लावून धरला होता. त्यातले तत्त्व किती आणि सोय किती याचा वाद अजून संपलेला नाही, आणि या पत्रात तो सोडवण्याची गरजही नाही. ११ जुलै १९७९ रोजी, इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेसचे नेते यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वासाचा ठराव मांडला. विरोधी पक्षनेते म्हणून त्यांची ती दुसरी खेप होती आणि ती सुरू होऊन जेमतेम एक दिवस झाला होता. ठरावावर चर्चा चालू असतानाच जनता पक्षातून रोज काही सदस्य बाहेर पडत राहिले. १२ जुलैला सभागृहात सरकारची जोरदार पाठराखण करणारे जॉर्ज फर्नांडिस काही दिवसांतच त्याच सरकारातून बाहेर पडले. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. ठरावावर मतदान झालेच नाही.

येथे पहिली उणीव दिसते. सरकार गेले, पण ते कोणी घालवले याची सभागृहाच्या कामकाजात नोंद नाही. मतदान झाले असते, तर कोण कुठे उभा आहे हे आकड्यांत दिसले असते आणि पुढचा पंतप्रधान कोण होऊ शकतो याचा अंदाज राष्ट्रपतींनाही आला असता. मतदानाअभावी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांना मोजणी आपल्या कार्यालयात करावी लागली. १८ जुलैला त्यांनी प्रथम यशवंतरावांना सरकार स्थापनेची शक्यता पडताळण्यास सांगितले. चार दिवसांनी त्यांनी ते आपल्याला शक्य नसल्याचे कळवले. मग राष्ट्रपतींनी मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडून समर्थक खासदारांच्या याद्या मागवल्या. काही नावांवरून वाद झाला. छाननीनंतर चरणसिंग यांच्या बाजूला २६२ आणि मोरारजींच्या बाजूला २३८ नावे भरली आणि २६ जुलैला चरणसिंग यांना निमंत्रण गेले. हे २६२ देखील सभागृहाच्या निम्म्यापेक्षा कमीच होते. खासदारांची डोकी राष्ट्रपती भवनात कागदावर मोजली जावीत, नावे तपासली जावीत, आणि ती ज्यांची होती त्यांनी सभागृहात एकदाही हात वर करू नये, हा प्रकार संसदीय म्हणवणाऱ्या पद्धतीला शोभणारा नव्हता. पण त्या वेळी राष्ट्रपतींपुढे दुसरा लिखित मार्गही नव्हता, हे त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

२८ जुलैला शपथविधी झाला. चरणसिंग पंतप्रधान झाले. यशवंतराव उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी केंद्रातली सारी मोठी खाती सांभाळलेला हा नेता त्या दिवशी दिल्लीच्या उतरंडीत पंतप्रधानांखालोखालच्या पायरीवर पोचला. उपपंतप्रधानपदावर पोचलेले ते एकमेव मराठी नेते आहेत. हेमवतीनंदन बहुगुणा अर्थमंत्री झाले, सी. सुब्रमण्यम संरक्षणमंत्री झाले, आणि पुढे अण्णा द्रमुकचे दोन मंत्री घेतले गेल्यामुळे द्रविड पक्ष पहिल्यांदा केंद्रीय मंत्रिमंडळात आला. आघाडी म्हणून पाहिले तर या सरकारात नवेपण होते, अनुभव होता. नव्हते ते एवढेच, की स्वतःचे बहुमत. ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडून आलेले होते; आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये गृहमंत्री म्हणून चरणसिंगांनी ज्यांना अटक करवली होती, त्याच इंदिराजींच्या शब्दावर आता त्यांचे पंतप्रधानपद टिकून होते.

राष्ट्रपतींनी नव्या पंतप्रधानांना ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लोकसभेचा विश्वास मिळवण्यास सांगितले होते. मधल्या तीन आठवड्यांत सरकार कारभार करत होते. ११ ऑगस्टला गुजरातेत मच्छू नदीवरचे धरण फुटून मोरबी शहर वाहून गेले. १५ ऑगस्टला चरणसिंगांनी लाल किल्ल्यावरून राष्ट्राला उद्देशून भाषण केले. सभागृहासमोर मात्र हे सरकार अजून आलेलेच नव्हते. २० ऑगस्टला अधिवेशन सुरू होणार होते. त्या आधीच इंदिरा काँग्रेसने विश्वासदर्शक ठरावाला पाठिंबा न देण्याचे ठरवले, आणि ठराव मांडण्याऐवजी चरणसिंग थेट राष्ट्रपती भवनात जाऊन राजीनामा देऊन आले. शपथविधीला तेवीस दिवस झाले होते. पंतप्रधान म्हणून ज्यांनी संसदेला एकदाही तोंड दिले नाही असे ते एकमेव पंतप्रधान ठरले. आणीबाणीतील प्रकरणांसाठी नेमलेली विशेष न्यायालये मोडीत काढावीत अशी अपेक्षा होती आणि ती चरणसिंगांनी मानली नाही, म्हणून पाठिंबा गेला, असे त्यांच्या बाजूने सांगितले जात आले आहे. ते खरे असेल तर चरणसिंगांच्या बाजूने ती गौरवाचीच गोष्ट आहे. पण खरे की खोटे हे ठरवायला कागदच नाही, कारण पाठिंबा देताना अटी लिहिल्या गेल्या नव्हत्या आणि काढून घेताना कारण सभागृहात सांगावे लागले नव्हते.

सन्माननीय सदस्यहो, गावातल्या पतसंस्थेतून साधे कर्ज काढायचे तरी दोन जामीनदारांच्या सह्या लागतात, आणि कर्ज थकले तर नोटीस त्यांच्याही दारात येते. देशाचे सरकार ज्याच्या भरवशावर शपथ घेते, त्या जामीनदाराला मात्र आपण कोणतीही नोटीस काढत नाही.

त्या २० ऑगस्टला आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग तोच आहे. राजीनाम्याबरोबरच चरणसिंगांनी लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. जनता पक्षाचे नेतृत्व तोवर जगजीवन राम यांच्याकडे आले होते आणि ते सरकार स्थापनेचा दावा करत होते. त्यांना संधी न देता राष्ट्रपतींनी २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. पंतप्रधानांचा सल्ला राष्ट्रपतींनी मानावा हे तत्त्व बरोबरच आहे. पण ज्या पंतप्रधानाने सभागृहाचा विश्वास एकदाही मिळवलेला नाही, त्याने त्या सभागृहालाच घरी पाठवण्याचा सल्ला दिला तर तो बंधनकारक मानायचा का, या प्रश्नाचे उत्तर आपण आजही लिहून ठेवलेले नाही. देशाला पहिला दलित पंतप्रधान मिळण्याची शक्यता त्या दिवशी तपासलीही गेली नाही, ही सल अनेकांच्या मनात राहिली. जगजीवन राम यांना बहुमत मिळाले असते का? कदाचित नसते मिळाले. पण ते सभागृहात ठरले असते.

लोकसभा विसर्जित झाल्यावरही तेच सरकार जानेवारी १९८० पर्यंत काळजीवाहू म्हणून राहिले. नवी धोरणे ठरवणारे किंवा मोठ्या खर्चाचे निर्णय ते घेणार नाही, असे विसर्जनाच्या वेळी राष्ट्रपती भवनातून जाहीर झाले होते. मात्र काळजीवाहू सरकारने काय करावे आणि काय करू नये याबद्दल राज्यघटनेत शब्दही नाही. त्या वर्षी दुष्काळ होता, भाव चढले होते, आणि ५ ऑक्टोबर १९७९ रोजी काळाबाजार रोखण्यासाठी व जीवनावश्यक वस्तूंचा पुरवठा राखण्यासाठी म्हणून माणसाला खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा अधिकार देणारा अध्यादेश निघाला. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. साठेबाजांबद्दल मला कणव नाही. परंतु एकदाही विश्वासमत न मिळवलेल्या सरकारने, सभागृहच अस्तित्वात नसताना, नागरिकाचे स्वातंत्र्य काढून घेणारा अध्यादेश काढावा, आणि तोही आणीबाणी संपून अडीच वर्षे झालेली असताना, याबद्दल तेव्हा जेवढा गदारोळ व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. डिसेंबरच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा भारताची बाजू मांडण्याची वेळही याच सरकारवर आली.

जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिराजींच्या पक्षाला ३५३ जागा मिळाल्या. चरणसिंगांच्या पक्षाला ४१ आणि जनता पक्षाला ३१ मिळाल्या. आमच्या साताऱ्याने यशवंतरावांना तेव्हाही निवडून दिले, पण राष्ट्रीय राजकारणातली त्यांची उभारी तिथेच संपली. १९६२ मध्ये हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्यांच्या कारकिर्दीतले सर्वोच्च पद एका अशा मंत्रिमंडळात होते, ज्याला लोकसभेत एक दिवसही बसता आले नाही. त्यांच्यावर संधिसाधूपणाचा ठपका ठेवणारे बरेच आहेत आणि त्यांचा बचाव करणारेही आहेत. मला त्यांच्या निर्णयात चूक दिसते, कारण ज्या पक्षाच्या शब्दावर सरकार बनत होते त्याच्याशी लेखी करार केल्याविना त्यांच्यासारख्या मुरब्बी प्रशासकाने शपथ घ्यायला नको होती. पण असा करार मागण्याची पद्धतच तेव्हा नव्हती, आणि दुर्दैवाने ती आजही रुजलेली नाही.

पुढची उदाहरणे पटकन सांगतो, कारण कथानक तेच आहे. ७ नोव्हेंबर १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंग विश्वासमत हरले. त्यांचे सरकारही भारतीय जनता पक्ष आणि डावे पक्ष यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभे होते आणि भाजपने ऑक्टोबरमध्ये तो काढून घेतला होता. त्यानंतर साठेक खासदारांच्या गटाचे नेते चंद्रशेखर पंतप्रधान झाले, ते १९८९ मध्ये १९७ जागा जिंकलेल्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर. राजीव गांधींच्या निवासस्थानाबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई दिसले, पाळत ठेवल्याचा आरोप झाला, आणि ६ मार्च १९९१ रोजी चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत असताना त्या सरकारला पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही, आणि त्या उन्हाळ्यात देशाचे सोने परदेशी नेण्याची पाळी आली. दोन शिपायांमुळे सरकार पडले असे म्हणणे हास्यास्पद आहे हे मलाही कळते. पण खरे कारण कोणते हे सभागृहाला कधीच अधिकृतपणे सांगितले गेले नाही.

मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयींनी विश्वासमताच्या चर्चेअखेर, मतदानाआधीच राजीनामा दिला आणि १ जूनला एच. डी. देवेगौडा संयुक्त आघाडीचे पंतप्रधान झाले. या आघाडीने किमान समान कार्यक्रम लिहिला, सुकाणू समिती नेमली, कम्युनिस्ट पक्षाचे इंद्रजित गुप्त गृहमंत्री झाले. आघाडी चालवण्याची ही समंजस रीत होती. परंतु १४० जागांची काँग्रेस त्या कार्यक्रमाच्याही बाहेर आणि समितीच्याही बाहेर होती. ३० मार्च १९९७ रोजी, अर्थसंकल्प सभागृहापुढे असताना, काँग्रेसचे अध्यक्ष सीताराम केसरी यांनी पाठिंबा काढल्याचे पत्र दिले. ११ एप्रिलला देवेगौडा १५८ विरुद्ध २९२ मतांनी हरले. २१ एप्रिलला इंद्रकुमार गुजराल आले, त्याच आघाडीचे, त्याच काँग्रेसच्या पाठिंब्यावर. म्हणजे देवेगौडांच्या जागी गुजराल, एवढ्यासाठी देश तीन आठवडे टांगणीला लागला होता. नोव्हेंबरात राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या अहवालावरून आणि द्रमुकच्या मंत्र्यांवरून पाठिंबा पुन्हा गेला.

चरणसिंग, चंद्रशेखर, देवेगौडा आणि गुजराल ही चारही सरकारे एका पंतप्रधानाच्या राजीनाम्यानंतर आली, चारही एकाच पक्षाच्या बाहेरच्या आधारावर चालली, आणि काळजीवाहू काळ धरूनही एकाचेही वर्ष भरले नाही. काँग्रेसच्या गटनेत्यांनी हे वाचून रागावू नये. संधी मिळाली असती तर दुसऱ्या पक्षाने वेगळे वागून दाखवले असते असे मी म्हणत नाही, आणि १९९० मध्ये भाजपने वेगळे काही केलेही नाही. नियम नसला की सगळेच पक्ष तेच करतात.

उलट, बाहेरून पाठिंबा हा मुळातच वाईट असतो असेही नाही. २००४ ते २००८ अशी चार वर्षे डाव्या पक्षांनी मनमोहन सिंग सरकारला बाहेरूनच आधार दिला. फरक एवढाच होता, की तिथे राष्ट्रीय किमान समान कार्यक्रम लिहिलेला होता, समन्वय समितीच्या बैठका होत होत्या, आणि अणुकराराचा वाद कित्येक महिने जाहीरपणे चालला होता. जुलै २००८ मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा देशाला त्याचे कारण ठाऊक होते, आणि २२ जुलैला लोकसभेत मतदान होऊन २७५ विरुद्ध २५६ असा निकाल लागला. त्या मतदानाच्या दिवशी सभागृहात नोटांची बंडले दाखवली गेली, हे मी विसरलेलो नाही. तरीही कोण कुठे उभा होता याची नोंद राहिली, आणि १९७९ मध्ये नेमके तेच झाले नव्हते.

आता मागणीकडे वळतो. विश्वासदर्शक ठराव आज आपल्या संसदीय जीवनाचा नेहमीचा भाग वाटतो; परंतु लोकसभेच्या नियमावलीत अविश्वासाच्या ठरावासाठी नियम १९८ आहे आणि त्याला पन्नास सदस्यांचे पाठबळ लागते, विश्वासाच्या ठरावासाठी मात्र स्वतंत्र नियमच नाही. ही प्रथा ज्या सरकारच्या निमित्ताने जन्माला यायची होती, ते चरणसिंगांचे सरकार ठरावापर्यंत पोचलेच नाही. ती प्रत्यक्षात आली डिसेंबर १९८९ मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या वेळी. तेव्हापासून ती राष्ट्रपतींच्या पत्रातल्या सूचनेवर आणि सभागृहाच्या सर्वसाधारण नियमांवर चालते. प्रत्येक वेळी मुदत वेगळी असते: वाजपेयींना १९९६ मध्ये दोन आठवडे मिळाले, चरणसिंगांना तीनाहून अधिक. राज्यघटनेच्या ११८ व्या अनुच्छेदाने आपले कामकाज कसे चालवावे याचे नियम करण्याचा अधिकार सभागृहाला दिलेला आहे. तो वापरून पुढील गोष्टी नियमावलीत याव्यात अशी माझी विनंती आहे.

लोकसभेच्या मुदतीत नवा पंतप्रधान शपथ घेईल, तेव्हा सात दिवसांच्या आत विश्वासदर्शक ठराव घेणे बंधनकारक असावे, त्यावर नावानिशी मतविभागणी व्हावी, आणि तो मंजूर होईपर्यंत सरकारने दैनंदिन कारभारापलीकडे जाऊ नये. सरकारबाहेर राहून त्याला मत देणाऱ्या पक्षाने आपल्या पाठिंब्याचे निवेदन त्याच दिवशी सभागृहाच्या पटलावर ठेवावे: कोणत्या विषयांवर पाठिंबा, किती काळासाठी, अर्थसंकल्पाला आहे की नाही, आणि कोणत्या कारणाने तो संपेल. न्यूझीलंडमध्ये मोठे आणि छोटे पक्ष असे करार सही करून जाहीर करतात; 'आमचे आतले ठरले आहे' असे म्हणण्याची सोय तिथे उरत नाही. 'बिनशर्त पाठिंबा' नावाची गोष्ट राजकारणात नसते हे आपण माझ्याहून अधिक चांगले जाणता. मग अटी लिहून टाकण्यात अडचण ती कसली?

पाठिंबा काढून घेण्याबाबत मला थोडे अधिक सांगायचे आहे. जर्मनीच्या मूलभूत कायद्यातील, म्हणजे तिथल्या राज्यघटनेतील, ६७ व्या अनुच्छेदानुसार संसदेला चॅन्सेलरला, म्हणजे सरकारप्रमुखाला, हटवायचे असेल तर त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्धचा असा प्रयत्न दोन मतांनी फसला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले, आणि देश एक दिवसही सरकारविना राहिला नाही. आपल्याकडे विधी आयोगाने १९९९ मधील आपल्या १७० व्या अहवालात या दिशेने लोकसभेच्या नियमांत बदल सुचवला होता, न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना आढावा आयोगानेही २००२ मध्ये या पद्धतीची शिफारस केली आणि त्रिशंकू सभागृहाने आपला नेता स्वतः निवडावा असे म्हटले. दोन्ही अहवाल धूळ खात पडले आहेत. तरीही मी ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असे म्हणणार नाही. पर्यायावर एकमत होत नाही म्हणून ज्याच्यावर कुणाचाच विश्वास नाही असा पंतप्रधान वर्षानुवर्षे खुर्चीत राहावा, हे आपल्यासारख्या बहुपक्षीय देशात सहज घडू शकते, आणि सरकार बदलण्याचा सभागृहाचा हक्क इतका आवळणे योग्य नाही.

म्हणून मी एक मधला मार्ग सुचवतो. पाठिंबा काढणाऱ्या पक्षाने राष्ट्रपतींना पत्र पाठवून मोकळे होऊ नये; त्याच्या गटनेत्याने सभागृहात उभे राहून कारण सांगावे आणि दोनपैकी एक गोष्ट स्पष्ट करावी. एक तर आपण कोणाला पंतप्रधान म्हणून मत देणार आहोत ते नाव घ्यावे. नाहीतर आपल्याला निवडणूक हवी आहे असे म्हणावे. तिसरा पर्याय नसावा. १९७९ च्या ऑगस्टमध्ये हा नियम असता, तर इंदिरा काँग्रेसला जगजीवन राम किंवा निवडणूक यांपैकी एक उघडपणे निवडावे लागले असते. १९९७ मध्ये केसरींना, आम्हाला सरकार नको की फक्त देवेगौडा नकोत, हे पहिल्याच दिवशी सांगावे लागले असते. आणि ज्या पंतप्रधानाने विश्वासमत एकदाही मिळवलेले नाही, त्याच्या विसर्जनाच्या सल्ल्यापूर्वी सभागृहाला पर्याय शोधण्याची एक संधी मिळावी, असा ठराव लोकसभेने करावा. राष्ट्रपतींवर तो बंधनकारक ठरणार नाही, परंतु त्यांच्या हाती एक आधार येईल.

या सूचनांवर पहिला आक्षेप येईल तो असा, की पक्षांतरबंदी कायदा असताना आणखी बंधने कशाला. वस्तुस्थिती उलटी आहे. १९७९ मध्ये खासदार मोकळेपणाने पक्ष सोडत होते, कारण कायदाच नव्हता. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने एकट्यादुकट्या सदस्याला बांधले, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची पळवाटही बंद केली. आज एखाद्या खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पण संपूर्ण पक्षाने काल दिलेला शब्द आज फिरवला तर त्याला साधे कारणही विचारले जात नाही. सदस्याच्या पायात बेडी आणि पक्षाला मोकळे रान, अशी ही व्यवस्था आहे, आणि ती केल्याचे श्रेय सर्वच पक्ष घेतात.

दुसरा आक्षेप असा, की सात दिवस फार कमी आहेत. महाराष्ट्राच्या अनुभवावरून याचे उत्तर देता येईल. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमच्या विधानसभेत दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत, खुल्या मतदानाने आणि थेट प्रक्षेपणात बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला. पहाटेच्या शपथविधीतून आलेल्या सरकारने त्याच दिवशी राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून बहुमत सभागृहातच मोजायचे हे तत्त्व राज्यांना लागू होत आले आहे. जो शिरस्ता न्यायालयाने विधानसभांना वारंवार घालून दिला, तो लोकसभेने स्वतःहून स्वतःला घालून घेण्यात कमीपणा नाही. न्यायालयाने एक दिवस तो लोकसभेवरही लादावा, याची वाट पाहण्यात मात्र आहे.

आपल्या नियम समितीत पंधरा सदस्य असतात आणि अध्यक्षस्थानी स्वतः लोकसभाध्यक्ष असतात. आपल्यापैकी कोणत्याही एका गटनेत्याने हा विषय समितीसमोर ठेवण्याची लेखी विनंती अध्यक्षांना केली, तरी कामाला सुरुवात होऊ शकते. दोन परस्परविरोधी पक्षांच्या गटनेत्यांनी ती मिळून केली, तर तिचे वजन वाढेल. येत्या अधिवेशनात अशी विनंती आपण करणार का, आणि करणार नसाल तर कोणत्या कारणाने, हे आपल्या पक्षाच्या वतीने जाहीरपणे कळवावे, ही नम्र विनंती.

कळावे,

आपला नम्र,
सातारा लोकसभा मतदारसंघातील एक मतदार